इनाम की सरंजाम? : नोबेल शांतता पारितोषिक आणि राजपुरुषांचे संकल्प

दिनांक ९ ऑक्टोबर २००९ रोजी ऑस्लो येथे नॉर्वेच्या नोबेल समितीचे अध्यक्ष थोरब्यॉर्न यागलांड यांनी त्या वर्षीच्या शांतता पारितोषिकाचे मानकरी म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे नाव उच्चारले, तेव्हा सभागृहातील वार्ताहरांच्या तोंडून नकळत आश्चर्योद्गार बाहेर पडला. ओबामा यांनी २० जानेवारी २००९ रोजी अधिकारग्रहण केले होते आणि त्या वर्षीच्या पारितोषिकासाठी नावे सुचविण्याची मुदत १ फेब्रुवारी रोजी संपली होती. म्हणजे मुदत संपली त्या दिवशी त्यांच्या कारकिर्दीला दोन आठवडेही पूर्ण झाले नव्हते. ज्या थोर व्यक्तींना पूर्वी हा मान मिळाला त्यांच्या पंक्तीत बसण्यास आपण पात्र आहोत असे आपल्याला वाटत नाही, हे स्वतः ओबामा यांनीच त्या दिवशी सांगितले. हा मान आपण कृतीचे आवाहन म्हणून स्वीकारीत आहोत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पारितोषिक देणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्याचे भान अधिक जागे असावे, असे प्रसंग विरळाच.

त्या घटनेला आता दीड तप होत आले. तेव्हाच्या वादाचा धुरळा खाली बसला आहे आणि त्या वेळी पक्षाभिमानाने चर्चिल्या गेलेल्या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणे शक्य झाले आहे. राजपुरुषाचा सर्वोच्च गौरव त्याने सिद्धीस नेलेल्या कार्यासाठी करावा, की त्याने बोलून दाखविलेल्या संकल्पासाठीही करावा? या प्रश्नाचा निवाडा एका ओबामांच्या उदाहरणावरून करणे योग्य होणार नाही. शांतता पारितोषिकाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आपल्यासमोर आहे. त्यातील काही निवडक पाने उलटून पाहण्याचे आम्ही प्रस्तुत निबंधात योजिले आहे.

प्रश्न नेमका मांडण्यासाठी मराठी राज्यव्यवहारातील दोन शब्द फार उपयोगी पडतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरच्या जुन्या कागदपत्रांत ते सापडतील. एक ‘इनाम’ आणि दुसरा ‘सरंजाम’. इनाम दिले जाई ते सामान्यतः झालेल्या सेवेबद्दल, सिद्ध झालेल्या विद्वत्तेबद्दल वा धर्मकार्याबद्दल. त्याची सनद होई आणि ते वंशपरंपरा चाले. सरंजाम दिला जाई तो पुढे करावयाच्या चाकरीसाठी. अमुक इतके स्वार बाळगावेत, त्यांची हजेरी द्यावी, स्वारीस जावे, हिशेब दाखवावा, अशा त्याच्या अटी असत. अट मोडल्यास सरकारने तो काढून घ्यावा, असे तत्त्व होते. व्यवहारात सरंजामही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले, हे माळव्यात स्थायिक झालेल्या घराण्यांना वेगळे सांगावयास नको. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राज्यांचे मूळ सरंजामांतच होते. तथापि तत्त्व स्पष्ट होते. मागील कामाचे देणे निराळे आणि पुढील कामाची उचल निराळी. पहिल्याला हिशेब लागत नाही. दुसऱ्याला तो लागतो.

आता आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्राकडे वळू. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे त्यांनी स्वाक्षरी केलेल्या या दस्तऐवजात, मागील वर्षात ज्यांनी मानवजातीचे सर्वाधिक हित केले असेल त्यांना ही पारितोषिके द्यावीत, असे म्हटले आहे. शांततेच्या पारितोषिकासाठी तीन कामे नोंदली आहेत : राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढविणे, खडी सैन्ये रद्द करणे वा कमी करणे आणि शांतता परिषदा भरविणे व त्यांना उत्तेजन देणे. मृत्युपत्राची भाषा भूतकाळाची आहे. ‘केले असेल’ त्याला द्यावे. ‘करील’ त्याला द्यावे, असे तीत नाही. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर नोबेल यांनी इनाम नेमून दिले होते, सरंजाम नव्हे.

मात्र मृत्युपत्राचे शब्द एवढ्यावर सोडणे न्यायाचे होणार नाही. शांततेच्या कार्यात यश हे एका माणसाच्या हातचे नसते. विज्ञानात थांबता येते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३०च्या सुमारास ताऱ्यांच्या अंताविषयी केलेल्या गणिताचा गौरव १९८३ साली झाला; मधल्या पन्नास वर्षांत ताऱ्यांचे काही बिघडले नाही आणि गणितही जुने झाले नाही. शांततेचा करार मात्र पन्नास वर्षे टिकतो की नाही ते पाहावयाचे ठरविले, तर तो करणारे सारेच तोवर इहलोक सोडून गेलेले असतील. शिवाय मृत्युपत्रातील ती तीन कामे प्रयत्नांचीच आहेत. युद्ध कायमचे बंद पाडणाऱ्यालाच पारितोषिक द्यावे, अशी अट नोबेल यांनी घातलेली नाही. तेव्हा अपुऱ्या कार्याचा गौरव होऊ शकतो, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. वाद आहे तो अपुरे कार्य आणि न केलेले कार्य यांतील सीमारेषेचा.

आरंभीच्या काळात ही सीमारेषा बऱ्यापैकी पाळली गेली. १९०१ सालचे पहिले पारितोषिक आंरी द्यूनाँ आणि फ्रेदेरिक पासी यांना मिळाले. पहिल्याच्या धडपडीतून रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली होती, दुसऱ्याने आपले आयुष्य शांतता परिषदांच्या कार्यात घालविले होते. १९०६ साली थिओडोर रुझवेल्ट यांच्या रूपाने सत्तारूढ राष्ट्रप्रमुखास प्रथमच हा मान मिळाला. त्यांच्या साम्राज्यवादी वृत्तीमुळे त्या निवडीवर त्या वेळीही टीका झाली. परंतु रशिया आणि जपान यांच्यातील युद्ध मिटविणारा पोर्ट्‌स्मथचा तह ५ सप्टेंबर १९०५ रोजी झाला होता, त्यात त्यांची मध्यस्थी होती आणि पारितोषिक त्यानंतर वर्षाने दिले गेले. मनुष्य वादग्रस्त असेल. काम झालेले होते.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९१९ सालचे पारितोषिक वुड्रो विल्सन यांना राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी मिळाले आणि ते जाहीर झाले डिसेंबर १९२० मध्ये. तोवर अमेरिकेच्या सिनेटने व्हर्सायचा तह दोनदा, म्हणजे नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० मध्ये, नाकारला होता. संघ अस्तित्वात आला. त्याच्या जनकाचा देश मात्र त्यात कधीच सामील झाला नाही. पुढे १९२५च्या लोकार्नो करारांसाठी ऑस्टिन चेंबरलेन, आरिस्टीड ब्रियाँ आणि गुस्टाव्ह श्ट्रेझमान यांचा गौरव झाला. दहा वर्षांनी, मार्च १९३६ मध्ये, हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवून ते करार फेकून दिले. १९२९ सालचे पारितोषिक अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांना मिळाले ते २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिस येथे झालेल्या युद्धत्यागाच्या करारासाठी. राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग करण्याची प्रतिज्ञा पंधरा पक्षांनी त्यावर सह्या करून केली. त्या पंधरांत ब्रिटिश हिंदुस्थानचेही नाव होते. जपानचीही सही होती. तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९३१ मध्ये, जपानी सैन्य मांचुरियात शिरले.

या उदाहरणांतही भेद करावयास हवा. केलॉग करार हा शुद्ध संकल्प होता. तो मोडणाऱ्यास शासन करणारी एकही तरतूद त्यात नव्हती. उलट ब्रियाँ आणि श्ट्रेझमान यांनी आपापल्या देशांतील कडव्या राष्ट्रवाद्यांचा रोष ओढवून घेऊन हाडवैर असलेल्या दोन राष्ट्रांना एका टेबलापाशी आणले होते. सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनीचा राष्ट्रसंघात प्रवेश झाला, तो त्याच परिश्रमांमुळे. लोकार्नो पुढे कोसळले म्हणून ते परिश्रम खोटे ठरत नाहीत. दैवाचा न्याय असा विचित्र की, केलॉग कराराचा कागदही अगदी वाया गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायालयात आक्रमक युद्ध हा गुन्हा ठरविताना त्याचा आधार घेतला गेला. मात्र ते फळ केलॉग यांना अभिप्रेत नव्हते आणि ते हाती येईपर्यंत कोट्यवधी माणसे मेली होती.

संकल्पाच्या मोहाचे सर्वांत भयावह उदाहरण मात्र न दिल्या गेलेल्या पारितोषिकाचे आहे. ३० सप्टेंबर १९३८च्या पहाटे म्यूनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडून देण्याचा करार झाला आणि ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन, म्हणजे वर उल्लेखिलेल्या ऑस्टिन यांचे सावत्र बंधू, आपल्या काळापुरती शांतता घेऊन मायदेशी परतले. १९३९च्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकांनी सुचविले. या स्तुतीला कंटाळून स्वीडनच्या एका संसद सदस्याने उपहासाने खुद्द हिटलरचे नाव सुचविले आणि नंतर ते मागे घेतले. नावे सुचविण्याची मुदत संपून सहा आठवडे होतात न होतात तोच, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्राग शहरात शिरले. त्या वर्षी पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. चेंबरलेन यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना खरोखरच युद्ध टाळावयाचे होते. परंतु त्या सद्धेतूची किंमत त्यांनी स्वतः दिली नाही. ती दिली चेकोस्लोव्हाकियाने.

याच काळातील एक प्रकरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. महात्मा गांधींचे नाव १९३७, १९३८, १९३९ आणि १९४७ या वर्षी व अखेर १९४८ साली, त्यांच्या हत्येच्या काही दिवस आधी, नोबेल समितीपुढे गेले होते. १९४७ साली ते सुचविणाऱ्या तिघांपैकी एक होते संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत. उरलेले दोघे मराठी होते. एक मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर आणि दुसरे केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे; त्यांचा जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. घाटाखालून उठून गुर्जर देशी स्थिरावलेल्या एका कुटुंबातील हा पुरुष गांधीजींसाठी ऑस्लोचे दार ठोठावीत होता, याची नोंद आपल्या समाजात असावयास हवी.

ते दार उघडले नाही. १९४७च्या शरद ऋतूत समिती बसली तेव्हा फाळणीचा रक्तपात आणि भारत-पाकिस्तान संघर्ष चालू होता. अशा वेळी गांधींची निवड करण्यास समितीतील बहुमत कचरले आणि पारितोषिक क्वेकर पंथीयांच्या दोन संस्थांना मिळाले. त्याच सप्टेंबर महिन्यात कलकत्त्यात एकोणऐंशीव्या वर्षात पदार्पण करू पाहणाऱ्या या वृद्धाने उपोषण आरंभिले होते आणि चार दिवसांत ते पेटलेले शहर शांत झाले होते. १९४८ साली योग्य असा हयात उमेदवार नाही, या कारणाने समितीने पारितोषिक राखून ठेवले. गांधींच्या बाबतीत समितीने अपुऱ्या यशाकडे बोट दाखविले, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. केलॉग यांच्याकडे तिने यशाचा पुरावा मागितला नव्हता, साठ वर्षांनी ओबामांकडेही मागितला नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा शब्दच जगाला कृतीसारखा भासतो. ‘हा मनात आणील तर करील’ असा विश्वास त्याच्या पदामुळे आपोआप निर्माण होतो. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला मात्र आपली कृती डोळ्यांपुढे ठेवावी लागते आणि तरीही ती पुरी पडेलच असे नाही. संकल्पाला बक्षीस देण्याच्या रिवाजाने होणारा अन्याय तो हाच. त्या रिवाजाचा लाभ सदैव सिंहासनावर बसलेल्यांना होतो.

येथे कोणी विली ब्रांट यांचा दाखला देईल. २००९ साली समितीच्या अध्यक्षांनीही तो दिला होता. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर ब्रांट यांना १९७१ साली पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचेही कार्य अपुरे होते, हे खरे. ऑगस्ट १९७० मध्ये मॉस्को येथे आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला वॉर्सा येथे त्यांनी केलेल्या करारांना जर्मन संसदेची संमती मिळाली नव्हती. ती मे १९७२ मध्ये मिळाली आणि तीही एप्रिल महिन्यातील अविश्वासाच्या ठरावातून ब्रांट अवघ्या दोन मतांनी वाचल्यामुळे. परंतु वॉर्सा करारावर सही करताना त्यांनी ओडर आणि नाइसे या नद्यांची सीमा मान्य केली होती. त्या सीमेपलीकडची घरेदारे गमावून आलेले लक्षावधी जर्मन त्यांचेच मतदार होते. त्याच दिवशी वॉर्सातील ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे ते गुडघे टेकून बसले. ज्याने स्वतः नाझी राजवटीविरुद्ध परदेशात आश्रय घेऊन लढा दिला होता, त्याने आपल्या राष्ट्राच्या पापाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्या वेळच्या एका जनमत चाचणीत ही कृती अतिरेकी वाटणाऱ्या देशबांधवांची संख्या ती योग्य वाटणाऱ्यांहून अधिक निघाली होती. करार संसदेत फेटाळले गेले असते, तरीही ही कृती पुसली गेली नसती.

अन्वर सादात यांचेही तसेच. १९७८ साली मेनाहेम बेगिन यांच्यासह त्यांना पारितोषिक जाहीर झाले तेव्हा इजिप्त-इस्रायल तह व्हावयाचा होता. तो २६ मार्च १९७९ रोजी झाला. पण १९ नोव्हेंबर १९७७ रोजी ज्या क्षणी सादात यांचे विमान इस्रायलच्या भूमीवर उतरले, त्या क्षणी एक असे पाऊल पडले होते की जे मागे घेता येणार नव्हते. अरब जगताने इजिप्तला वाळीत टाकले आणि ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सादात यांना त्या पावलाचे मोल प्राण देऊन चुकवावे लागले.

या दोन उदाहरणांतून आमच्या मते एक कसोटी हाती येते. पारितोषिक देतेवेळी कार्य पुरे झाले आहे की नाही, ही कसोटी नव्हे. गौरविल्या जाणाऱ्या माणसाने परतीची वाट बंद करणारे काही केले आहे काय आणि त्याची झळ त्याने स्वतः सोसली आहे काय, ही ती कसोटी होय. उद्या सारे फिसकटले तरी जे त्याच्या नावावर शिल्लक राहील, तेवढ्याचाच गौरव करावा. त्यापलीकडे जे काही आहे ती उचल होय.

या कसोटीवर १९७३ची निवड टिकत नाही. हेन्री किसिंजर आणि ले डुक थो यांना व्हिएतनामच्या युद्धबंदीसाठी पारितोषिक जाहीर झाले. २७ जानेवारी १९७३चा पॅरिस करार कागदावर होता, रणभूमीवर गोळीबार चालूच होता. प्रत्यक्ष शांतता प्रस्थापित झालेली नाही, असे कारण देऊन ले डुक थो यांनी मान नाकारला. समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. किसिंजर समारंभास गेले नाहीत. एप्रिल १९७५च्या अखेरीस सायगाव पडल्यावर त्यांनी पदक व रक्कम परत करू पाहिली, तर समितीने ती घेण्यास नकार दिला. पारितोषिक एकदा दिले की ते परत घेतले जात नाही. नोबेल संस्थेच्या नियमांत तशी सोयच नाही.

या संपूर्ण प्रश्नाचा गाभा आम्हांस येथे दिसतो. पुढील कामासाठी उचल देणे हा काही स्वभावतः दोष नव्हे. आपल्या पूर्वजांची राज्ययंत्रणा त्यावरच चालली होती. परंतु सरंजाम देणाऱ्यापाशी हजेरीचा आणि जप्तीचा अधिकार होता. नोबेल समितीपाशी यांपैकी काहीच नाही. ती जेव्हा संकल्पासाठी पारितोषिक देते, तेव्हा हेतू सरंजामाचा असतो आणि सनद मात्र इनामाची लिहून दिली जाते. चाकरी झाली नाही तरी सनद कायम.

ओबामा यांच्या बाबतीत नेमके हे घडले. ५ एप्रिल २००९ रोजी प्राग येथे त्यांनी अण्वस्त्रमुक्त जगाचे आणि ४ जून रोजी कैरो येथे मुस्लिम जगताशी नव्या नात्याचे चित्र रेखाटले. दोन्ही भाषणे सुंदर होती, पण ती भाषणेच होती. १ डिसेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठविण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला आणि त्यानंतर नऊ दिवसांनी ऑस्लो येथे पारितोषिक स्वीकारताना युद्ध केव्हा न्याय्य ठरते याचे विवेचन केले. त्या प्रामाणिकपणाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुढील सात वर्षांचा ताळेबंद संमिश्र आहे. एप्रिल २०१० मध्ये रशियाशी झालेल्या करारान्वये दोन्ही देशांच्या तैनात सामरिक अण्वस्त्रांना १,५५० ची मर्यादा घालण्यात आली. २०१५ साली इराणशी अणुकरार झाला, ज्यातून अमेरिका २०१८ मध्ये पुढील अध्यक्षांच्या काळात बाहेर पडली. दुसऱ्या बाजूला लिबियातील हस्तक्षेप, चालकविरहित विमानांचे हल्ले आणि एका वर्षात बंद करण्याचा हुकूम काढूनही त्यांच्या कारकिर्दीअखेर चालूच राहिलेला ग्वांतानामोचा तुरुंग. रशियाशी झालेला करार पारितोषिकाविना झाला नसता, असे मानण्यास आधार दिसत नाही आणि पारितोषिकामुळे एकही हल्ला थांबल्याचे दिसत नाही. समितीचे दीर्घकाळ सचिव राहिलेले गाइर लुंडेस्टाड यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, ओबामांना बळ मिळावे ही समितीची अपेक्षा सफल झाली नाही, अशीच कबुली दिली आहे.

ओबामांच्या प्रकरणात समितीची लाज गेली. दहा वर्षांनी त्याहून मोठे मोल दिसले. १९९८ ते २००० या काळात इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्यात युद्ध झाले होते आणि त्यानंतर अठरा वर्षे सीमा बंद होती. एप्रिल २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान झालेल्या अबिय अहमद यांनी सीमा आयोगाचा जुना निवाडा मान्य केला, ९ जुलै २०१८ रोजी उभय देशांत मैत्रीची घोषणा झाली, विभागलेली कुटुंबे एकमेकांना भेटली. हे पाऊल खरे होते आणि आमच्या कसोटीवर ते काही अंशी उतरते, हे मान्य करावयास हवे. परंतु ऑक्टोबर २०१९ मध्ये पारितोषिक जाहीर झाले तोवर उघडलेल्या सीमाचौक्या पुन्हा बंद झाल्या होत्या. हजेरी घेतली असती तर हे दिसले असते. नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या टिग्राय प्रांतात युद्ध पेटले आणि त्यात इरिट्रियाचे सैन्य अबिय यांच्या बाजूने उतरले. गौरविलेल्या मैत्रीचे हे दुसरे रूप होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरिया येथे करार होईपर्यंत दोन वर्षे युद्ध, वेढा आणि उपासमार यांनी त्या प्रांताची दैना केली. जानेवारी २०२२ मध्ये नोबेल समितीने प्रथा मोडून एक निवेदन काढले आणि पारितोषिकाचे मानकरी म्हणून युद्ध थांबविण्याची विशेष जबाबदारी अबिय यांच्यावर आहे, असे म्हटले. निवेदनापलीकडे तिच्या हाती काही नव्हते.

आमची कसोटी प्रत्येक वेळी अचूक उत्तर देईल, असा आमचा दावा नाही. माणूस बदलतो, सत्ता त्याला बदलते आणि भविष्य कोणत्याच समितीला दिसत नाही. परंतु भविष्य दिसत नाही म्हणूनच मागे पाहावयाचे असते. अपुऱ्या यशाचा गौरव जरूर व्हावा. कार्ल फॉन ओसिएत्स्की या जर्मन पत्रकाराला १९३५ सालचे पारितोषिक मिळाले तेव्हा तो नाझींच्या कैदेत खितपत होता आणि त्याच्या हातून काहीही सिद्धीस गेले नव्हते. जर्मनी गुप्तपणे शस्त्रसज्ज होत असल्याचे त्याच्या नियतकालिकाने उघड केले होते आणि त्याची शिक्षा त्याने भोगली होती. १९३८ साली त्याचा अंत झाला. त्याचे यश शून्य होते, पण त्याचे देणे फिटलेले होते. त्याच्या पारितोषिकाबद्दल आज कोणी प्रश्न विचारीत नाही. ज्यांच्याबद्दल विचारला जातो त्यांच्यापाशी सैन्ये होती, खजिने होते, साऱ्या जगाचे कान होते. फक्त केलेले काम तेवढे नव्हते.

हा विषय ऑस्लोपुरता मर्यादित आहे, असे समजून स्वस्थ बसणेही आपल्याला परवडणार नाही. गावोगावची मराठी मंडळे, वाचनालये आणि साहित्यसंस्था दरवर्षी मानपत्रे देतात, शाली पांघरतात. नव्याने निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीचा सत्कार पहिल्याच महिन्यात होतो. सभागृहाला जागा मिळेल, ग्रंथालयाचे अनुदान वाढेल, मराठी शाळा वाचेल, अशी आशा त्यामागे असते. आशेत गैर काही नाही. पण मानपत्रात लिहिलेले गुण त्याने अजून दाखवावयाचे असतात आणि तीन वर्षांनी त्याला ते आठवून देण्याचे धैर्य सत्कार करणाऱ्यांपैकी कोणातच उरत नाही, कारण सही आपलीच असते. त्याच वेळी तीस वर्षे विनावेतन ग्रंथालयाच्या चाव्या सांभाळणारा कोणी वृद्ध मागच्या रांगेत टाळ्या वाजवीत असतो. जुन्या दप्तरदारांना ठाऊक होते की, इनामाचा कागद लिहिण्यापूर्वी सेवेची नोंद पाहावी लागते. ती नोंद नसेल तर देणगी जरूर द्यावी, शुभेच्छा द्याव्यात, वेळ पडल्यास मदतीचा हातही द्यावा. सनद मात्र नोंद तयार होईपर्यंत कोरी ठेवावी.